ब्ली: एका स्कँडिनेव्हियन क्रियापदाचं मूळ शोधायचं कसं आणि ते वापरायचं कसं

स्वीडिश, डॅनिश किंवा नॉर्वेजियन शिकायला बसलं की पहिल्याच आठवड्यात ‘ब्ली’ हे क्रियापद आडवं येतं. शब्दकोश म्हणतो ‘होणे’. मग कोपनहेगनमध्ये कुणीतरी ‘इथेच राहा’ सांगताना तेच वापरतं. बातमीत ‘विकलं गेलं’ म्हणायलाही तेच, आणि किराणा दुकानात बिलाचा आकडा सांगायलाही तेच. नोकरीसाठी तिकडे गेलेली बरीच मराठी मंडळी हे अर्थ सुटे सुटे पाठ करतात आणि ऐन बोलताना अडकतात.

मला वाटतं, या क्रियापदाच्या बाबतीत आधी मूळ आणि मग वापर हाच सोपा रस्ता आहे. हे क्रियापद मूळचं तिथलं नव्हे. बाहेरून आलं तेव्हा त्याचा अर्थ होता ‘राहणे’. ‘होणे’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. हा क्रम एकदा कळला की उरलेले अर्थ पाठ करावे लागत नाहीत. शिवाय मराठी माणसाला यात एक आयता फायदा आहे, तो पुढे येईलच. खाली दिलेली पद्धत याच एका क्रियापदावर चालवून दाखवली आहे, पण दुसऱ्या कुठल्याही स्कँडिनेव्हियन क्रियापदावर ती तशीच चालते.

लिपीबद्दल एक सूचना. स्वीडिश आणि नॉर्वेजियन रूपं मी साधारण उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. डॅनिश आणि जुनी रूपं मात्र स्पेलिंगप्रमाणे, कारण डॅनिश माणूस लिहिलेल्यातली निम्मी अक्षरं गिळतो.

पायरी 1: सगळी रूपं एकाखाली एक मांडा

क्रम असा ठेवा: मूळ रूप, वर्तमान, भूत, आणि ‘झालेलं आहे’ म्हणताना लागणारं रूप. नॉर्वेजियनच्या ओळी दोन, कारण तिची बोकमोल आणि नीनॉर्श्क अशी दोन लेखी रूपं आहेत.

स्वीडिश: ब्ली – ब्लीर – ब्लेव – ब्लीवित
डॅनिश: ब्लीवे – ब्लीवेर – ब्लेव – ब्लेवेत
नॉर्वेजियन (बोकमोल): ब्ली – ब्लीर – ब्ले किंवा ब्लेइ – ब्लित
नॉर्वेजियन (नीनॉर्श्क): ब्ली – ब्लीर – ब्लेइ – ब्लित, आणि शेजारी त्याच अर्थाचं दुसरं, जुनं क्रियापद वेर्ते – वेर्त – वार्त – वोर्ते

आता या ओळींकडे नीट बघा. स्वीडिशमध्ये जुनं पूर्ण रूप ‘ब्लीवा’ होतं. ते आता फक्त जुन्या किंवा फार औपचारिक मजकुरात भेटतं. मधला ‘व’ झिजला, पण ‘ब्लेव’ आणि ‘ब्लीवित’मध्ये टिकला. डॅनिशने तो लिहिण्यात सगळीकडे जपला आणि बोलण्यात जवळजवळ सोडून दिला. म्हणजे बोललेलं डॅनिश ‘ब्लीवेर’ आणि लिहिलेलं नॉर्वेजियन ‘ब्लीर’ कानाला फारसे लांब नाहीत. स्वीडिश लोकही घाईत ‘ब्लेव’चा ‘ब्ले’ करतात.

दुसरी गोष्ट स्वरांची: ई – ए – ई. हा साचा या भाषांत खूप जुना आहे. स्वीडिशमध्ये चावणे म्हणजे बीता – बेत – बीतित, पकडणे म्हणजे ग्रीपा – ग्रेप – ग्रीपित. ब्लीवा – ब्लेव – ब्लीवित त्याच रांगेत बसतं. नॉर्वेजियन ‘ब्लेइ’मधला ‘एइ’सुद्धा जुन्या नॉर्सच्या (या भाषांची मध्ययुगीन पूर्वज) ‘बेइत’ (चावला) या रूपाच्या वळणावर गेलेला आहे. म्हणून पाठ करायचंच असेल तर या तिघांना एकत्र पाठ करा, एकट्या ‘ब्ली’ला नको.

जुनी स्वीडिश पुस्तकं वाचणार असाल तर ‘ब्लेवो’ हे रूपही ओळखता आलं पाहिजे. ते अनेकवचनी भूतकाळाचं. बोलण्यातून ही रूपं आधीच गेली होती. 1945 साली टीटी या वृत्तसंस्थेने ती बातम्यांतून काढली आणि मग छापील स्वीडिशमधूनही ती हटत गेली.

पायरी 2: हे क्रियापद कुणाकडे नाही, ते बघा

बहुतेक जण ही पायरी वगळतात आणि तिथेच माग सुटतो. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे यांच्याकडे एखादा शब्द आहे म्हणजे तो जुना नॉर्सच असेल, असं गृहीत धरू नका. आइसलँडिककडे जा. आइसलँडमध्ये वस्ती झाली ती साधारण 870 ते 930 या काळात, मुख्यतः नॉर्वेमधून. तिथली भाषा नंतर फार कमी बदलली. त्यामुळे एखादा रोजच्या वापरातला शब्द मुख्य भूमीवर सगळीकडे आहे आणि आइसलँडमध्ये त्याच्या जागी दुसराच आहे, असं दिसलं की शंका घ्यायची: हा नंतर आलेला पाहुणा असावा.

‘होणे’साठी आइसलँडिकमध्ये आहे वेर्दा – वेर्दुर – वार्द – ओर्दिद. (यातला ‘द’ मऊ, जिभेचं टोक दातांना जेमतेम लागेल असा. भूतकाळाचं अनेकवचन ‘उर्दू’ आहे, आपल्या उर्दूशी त्याचा संबंध नाही.) फॅरो बेटांवरही लेखी भाषेत वेर्दाच, पण बोलताना लोक डॅनिशमधून आलेलं ‘ब्लीवा’ सर्रास वापरतात. आइसलँडिकमध्येही ‘ब्लीफुर’ असं एक उसनं रूप बोलीत भेटतं, ‘जे टिकतं ते’ अशा अर्थाने. ते मूळ ‘राहणे’च्या जवळचं आहे, हे ध्यानात ठेवा.

पायरी 3: शब्दाचा पुढचा भाग फोडा

‘ब्ल’ या जोडाक्षरात एक उपसर्ग गुदमरलेला आहे. गॉथिक ही जर्मानिक कुळातली फार जुन्या काळी लिहिली गेलेली भाषा. तिच्यात हेच क्रियापद ‘बिलीबान’ असं मोकळं दिसतं: बि + लीबान. जर्मनमध्ये त्याचं ‘ब्लाइबेन’ झालं, डचमध्ये ‘ब्लाइवेन’, आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या मध्ययुगीन भाषेत, म्हणजे मध्य लो जर्मनमध्ये, ‘ब्लीवेन’.

जुन्या नॉर्सने असे आघात (उच्चारातला जोर) नसलेले उपसर्ग लेखनाचा काळ सुरू होण्याआधीच गमावले होते. म्हणून नियम असा करा: स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन शब्दाच्या सुरुवातीला आघात नसलेला ‘बे-’ दिसला, की तो शब्द जर्मन भाषांकडून आलेला किंवा त्यांच्या नमुन्यावर बेतलेला समजायचा. बेताला (पैसे देणे), बेग्रीपा (समजणे), बेसोका (भेट देणे) ही सगळी त्याच वाटेने आली. बेग्रीपामधलं ‘ग्रीपा’ अस्सल नॉर्स असलं तरी पूर्ण शब्द उसना आहे. ‘ब्ली’मध्ये हा ‘बे’ इतका आकसला आहे की बाहेरून ओळखूच येत नाही. म्हणूनच त्याच्याकडे कुणी परका म्हणून बघत नाही.

एक माणूस मात्र बघत होता. ईवार ओसेन (1813–1896) याने नॉर्वेच्या खेड्यापाड्यांतल्या बोलींवरून नवी लेखी भाषा उभी केली, जिला 1929 पासून नीनॉर्श्क म्हणतात. त्याने ‘आन-’, ‘बे-’, ‘-हेइत’, ‘-एल्से’ असले जर्मन वळणाचे शब्द शक्य तितके दूर ठेवले. नॉर्वेत या शब्दांना गंमतीने ‘आनबेहेइतेल्से’ असं एकच लांबलचक नाव आहे. ‘होणे’साठी त्याची पसंती जुन्या वेर्तेला होती. आज नीनॉर्श्कमध्ये दोन्ही चालतात. पण पश्चिम नॉर्वेचा एखादा मजकूर उघडला आणि त्यात ‘वार्त’ दिसलं, तर गोंधळू नका, ते ‘ब्ले’चंच काम करतंय.

पडताळणी कुठे करायची? स्वीडिशसाठी स्वीडिश अकादमीचा ऐतिहासिक कोश. तो 1898 पासून खंडाखंडाने निघत 2023 मध्ये पूर्ण झाला, आणि इंटरनेटवर मोफत आहे. डॅनिशसाठी 28 खंडांचा ‘ओर्दबोग ओवर देत दान्स्के स्प्रोग’, तोही मोफत. नॉर्वेजियनच्या दोन्ही लेखी रूपांचे कोश एकाच संकेतस्थळावर शेजारी शेजारी बघता येतात. नोंदीच्या सुरुवातीला मूळ दिलेलं असतं. तिथे मध्य लो जर्मनचा निर्देश सापडला की तिसरी पायरी संपली.

पायरी 4: शब्द कुठल्या दाराने आत आला

हान्सा, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या शहरांचा व्यापारी संघ. ल्युबेक हे त्याचं मुख्य शहर. गॉटलंड बेटावरचं विस्बी, स्टॉकहोम, काल्मार, बर्गन या बंदरांत तेराव्या ते पंधराव्या शतकात जर्मन व्यापारी आणि कारागीर वसले. बर्गनमध्ये 1360 च्या सुमारास त्यांची स्वतंत्र कोठी झाली. स्टॉकहोममध्ये तर नगरपरिषदेतले निम्म्यापेक्षा जास्त लोक जर्मन असू नयेत असा कायदा चौदाव्या शतकात करावा लागला होता! यावरून त्यांचं वजन कळतं. 1471 च्या ब्रुन्केबेर्गच्या लढाईनंतर त्यांना परिषदेतून काढलं गेलं. माणसं निघाली, शब्द राहिले. शिंपी, चांभार, नगराध्यक्ष यांच्यासाठीचे स्वीडिश शब्द आजही त्याच बंदरी जर्मनचे आहेत.

पण शिंप्याचं नाव उसनं घेणं वेगळं आणि ‘होणे’सारखं घरातलं क्रियापद उसनं घेणं वेगळं. असं सहसा घडत नाही. इथे का घडलं? एक कारण असं दिलं जातं की जुनं स्वीडिश ‘वार्दा’ (होणे, आइसलँडिक वेर्दाचाच भाऊ) आणि ‘वारा’ (असणे) यांची रूपं एकमेकांत मिसळायला लागली होती. ‘वार’ म्हणजे होता, ‘वार्त’ म्हणजे झाला. शेवटचं अक्षर सैल पडलं की फरक संपला. मला हे कारण पटतं, पण ते एकटं पुरेसं वाटत नाही. दोन भाषा रोज कानावर पडणाऱ्या शहरांशिवाय हे घडलं नसतं.

या बदलाचा सगळ्यात स्वच्छ पुरावा बायबलच्या स्वीडिश भाषांतरांत मिळतो. ‘प्रकाश होवो, आणि प्रकाश झाला’ हे वाक्य 1917 च्या भाषांतरात आहे: ‘वार्दे यूस, ओक दे वार्त यूस’. 2000 सालच्या भाषांतरात तेच झालं: ‘यूस, ब्ली तिल! ओक यूसेत ब्लेव तिल’. आइसलँडिकमध्ये आजही ‘वेर्दी ल्योस’ आहे. म्हणजे धार्मिक भाषेने जुनं क्रियापद बोलीपेक्षा कितीतरी पुढे ओढत आणलं. मध्य आणि उत्तर स्वीडनच्या बोलींत ‘दे वार्त’ अजून ऐकू येतं.

आणखी एक सुंदर जोडी. लवकरच आई होणाऱ्या बाईला स्वीडिशमध्ये ‘ब्लीवान्दे माम्मा’ म्हणतात आणि डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये ‘वोर्देन्दे मोर’. घडण तीच, पण एकीकडे नवं क्रियापद, दुसरीकडे जुनं. डॅनिशमध्ये वोर्दे हे क्रियापद म्हणून केव्हाच मागे पडलं, पण या शब्दात ते गोठून राहिलं. जुनी रूपं शोधायची असतील तर ती अशाच ठरीव शब्दांत शोधावीत.

पायरी 5: आणखी खाली, संस्कृतपर्यंत

रोजच्या वापरासाठी ही पायरी आवश्यक नाही. पण मराठी वाचकाला इथेच जास्त मजा येईल.

‘बिलीबान’मधला ‘लीब’ हा ज्या धातूचा वंशज मानला जातो त्याचा अर्थ ‘चिकटणे, माखणे’. संस्कृतात तो लिप्: लिम्पति, लेप, लिपी. मराठीत लिंपणे. भिंतीला शेण लिंपणारा हात आणि घरी ‘चिकटून’ राहणारा डॅनिश माणूस, दोघांची क्रियापदं एकाच मुळाची. ‘प’चा ‘ब’ कसा झाला? जर्मानिक भाषांत मूळ ‘प’चा ‘फ’ होतो, आणि आधीच्या अक्षरावर आघात नसेल तर तो ‘फ’ सघोष होऊन ‘ब’च्या जवळ जातो. या क्रियापदात तो सघोष आवाज सगळ्या रूपांत पसरला. आघाताचं हे गणित आरहूसमध्ये जन्मलेल्या कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकाने 1877 मध्ये मांडलं, आणि त्याची किल्ली त्याला वैदिक संस्कृतच्या आघातांत सापडली. त्याच्याही आधी जुन्या नॉर्सच्या उगमावर मूलभूत काम करणारा रासमुस रास्क 1820 मध्ये चक्क मुंबईला आला होता, पारशांकडची अवेस्ताची हस्तलिखितं गोळा करायला.

हाच धातू नॉर्समध्ये स्वतंत्रपणेही होता, उपसर्गाशिवाय. लेइफ या नावाचा अर्थ ‘मागे राहिलेला’, म्हणजे वारस. ओलाफच्या शेवटच्या भागातही तोच.

आता हरलेल्या क्रियापदाकडे या. वेर्दाचं मूळ ‘वळणे’ या अर्थाच्या धातूत आहे. संस्कृतात तो वृत्: वर्तते, वर्तुळ, वर्तन. नॉर्स पुराणकथांत माणसाचं नशीब ठरवणाऱ्या तीन नॉर्न आहेत: उर्द, वेर्दान्दी आणि स्कुल्द. वेर्दान्दी हे वेर्दाचं वर्तमानकालवाचक विशेषण, ‘जे होत आहे ते’. आपला ‘वर्तमान’ हा शब्दही वृत्चं वर्तमानकालवाचक विशेषणच आहे. उर्द हे नावही त्याच धातूच्या भूतकाळी अंगाचं, म्हणजे ‘जे झालं ते’.

पायरी 6: ‘राहणे’पासून ‘होणे’पर्यंतचा पूल मराठीत शोधा

हा तो आयता फायदा. इंग्रजीतून स्वीडिश शिकणाऱ्याला ‘राहणे’ आणि ‘होणे’ एकाच क्रियापदात कसे, हे पटवून द्यावं लागतं. मराठीत हे आपण रोज करतो. ‘तो उभा राहिला’ म्हणजे काय? बसला होता तो उठून उभा झाला, असंही असेल, किंवा सगळे बसले तरी तो उभाच राहिला, असंही. ‘ती गरोदर राहिली’ यात तर राहणं उरलेलंच नाही, निव्वळ होणं आहे. ‘ब्लीवा’चा प्रवास नेमका असाच झाला. एखाद्या अवस्थेत राहणे, मग नव्या अवस्थेत जाऊन तिथे राहणे, मग नुसतं त्या अवस्थेत जाणे. स्वीडिशमध्ये गरोदर राहणे म्हणजे ‘ब्ली ग्रावीद’.

पायरी 7: वापर, अर्थानुसार

होणे. तिन्ही भाषांत सारखंच आणि सगळ्यात जास्त वापराचं. ‘हुन ब्लेव लेकारे’: ती डॉक्टर झाली. रागावणे, आजारी पडणे, दमणे, प्रेमात पडणे, सगळ्यांसाठी ‘ब्ली’ अधिक विशेषण. मराठीत तिथे पडणे, येणे, लागणे अशी क्रियापदं बदलत राहतात. ती भाषांतरित करू नका. दुकानात ‘हूर म्युके ब्लीर दे?’ म्हणजे शब्दशः आपलं ‘किती झाले?’ उत्तर: ‘दे ब्लीर…’ आणि पुढे आकडा. फरक इतकाच की आपण भूतकाळ वापरतो, ते वर्तमान. ‘ब्लीर’मध्ये भविष्य मुळातच असतं, त्यामुळे ‘दे ब्लीर रेंग्न’ म्हणजे पाऊस होणार.

राहणे. इथे भाषा फुटतात. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये जुना अर्थ जिवंत आहे: घरी राहणे, इथे थांबणे, सगळं ‘ब्ली’नेच. डॅनिशमध्ये ‘ब्लीवे वेद’ म्हणजे करत राहणे. स्वीडिशमध्ये मात्र ‘इथे थांब’ म्हणायला ‘स्तान्ना’ वापरा. ‘ब्ली’ ठेवायचंच असेल तर सोबत ‘क्वार’ (मागे, शिल्लक) लागतं, किंवा औपचारिक भाषेत ‘फोरब्ली’. नॉर्वेजियन ‘ब्ली मे’ म्हणजे सोबत येणे, आणि ‘ब्लीर दू मे?’ हा प्रश्न तुम्हाला ओस्लोमध्ये दर शुक्रवारी ऐकू येईल. हेच स्वीडिश माणसाला विचारायचं तर ‘फोल्या मे’ म्हणा.

केलं जाणे. मराठीत कर्मणीसाठी ‘जाणे’ लागतं, इकडे ‘ब्ली’. ‘हूसेत ब्लेव सोल्त’: घर विकलं गेलं. स्वीडिशमध्ये पुढचं विशेषण लिंगवचनानुसार बदलतं: घर असेल तर ‘सोल्त’, गाडी असेल तर ‘सोल्द’, घरं असतील तर ‘सोल्दा’. मराठी माणसाला याची सवय आहे (घर विकलं गेलं, गाडी विकली गेली, घरं विकली गेली). डॅनिश आणि बोकमोलमध्ये ते बदलत नाही, सगळ्यांना ‘सोल्ग्त’. ‘असणे’शी गल्लत करू नका. ‘दोरेन वार स्तेंग्द’ म्हणजे दार बंद होतं. ‘दोरेन ब्लेव स्तेंग्द’ म्हणजे दार बंद केलं गेलं. पहिल्यात स्थिती आहे, दुसऱ्यात घटना. याशिवाय क्रियापदाला ‘-स’ जोडूनही कर्मणी होतं. पाट्या, नियम, सूचना यांत बहुतेक तेच दिसतं. एखाद्याच्या बाबतीत घडलेली एखादी घटना सांगताना ‘ब्ली’ जास्त नैसर्गिक वाटतं.

‘झालेला आहे’ म्हणताना सहाय्यक क्रियापद बदलतं, आणि परीक्षेत गुण जातात ते इथे. स्वीडिशमध्ये ‘हार ब्लीवित’, डॅनिशमध्ये ‘एर ब्लेवेत’, नॉर्वेजियनमध्ये दोन्ही चालतात. स्वीडिश येणाऱ्याने डॅनिश बोलताना ‘हार’ म्हटलं की लगेच उघडं पडतं.

सराव असा करा. एखाद्या स्वीडिश वृत्तपत्राचं एक पान घ्या, प्रत्येक ‘ब्लीर’, ‘ब्लेव’, ‘ब्लीवित’खाली रेघ मारा आणि वर पेन्सिलने मराठीत लिहा: झाला, राहिला, की गेला. ज्या ठिकाणी तिन्ही बसत नाहीत, तिथे पुढचा शब्द तपासा, कारण तो बहुधा जोडीचा असतो. ‘ब्ली आव’ म्हणजे ठरलेली गोष्ट प्रत्यक्षात होणे. ‘ब्ली आव मे’ म्हणजे हातातून जाणे, किल्ली हरवली तरी तेच आणि नको असलेल्या पाहुण्यापासून सुटका झाली तरी तेच.